डाव्या बाजूचा बिघाड

२ जानेवारी, सकाळी ११

पार्सल आलं. दोन मायक्रोफोन, दोन स्टँड, एक हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस नावाची लाल डबी, पुढे बटणं, मागे भोकं. कुरिअरवाला बेल न वाजवता दाराशी उभा. म्हणे तीनदा वाजवली. खोटं बोलताना आजकाल कोणाला काही वाटत नाही.

संकल्प: २६ जानेवारीला पॉडकास्टचा पहिला भाग. नाव 'ट्रंक कॉल'. विषय, टेलिफोन एक्सचेंजमधली माझी तेहतीस वर्षं. हे दुसरं कोण सांगणार? बोर्डावर बसले की नुसत्या श्वासावरून ओळखायचे, लाइनवर सुरतेचा व्यापारी आहे की शहाद्याचा. गुडघे गेले, डोळ्यांना चष्मा आला. पण कान? कानांवर पेन्शन मिळवली आहे मी.

३ जानेवारी

मॅन्युअल पूर्ण वाचलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली माणसं मॅन्युअल वाचतात, बाकीची पुतणीला फोन करतात. मीही भाविकाला फोन केला, पण विचारायला नाही, कळवायला. भाविका म्हणजे माझ्या दिराची मुलगी, शहाद्याला बँकेत असते. ती म्हणाली, भिंतींना आवाज शोषणारा फोम लावावा लागतो.

फोम कशाला? मागच्या खोलीत नथ्थूभाऊंचा कापूस आहे. दीर दरवर्षी कोरीटच्या शेतातून आणून माझ्याकडे भरतात आणि भाव वाढायची वाट बघत बसतात. तीन भिंतींना छतापर्यंत कापूस. मधे दोन खुर्च्या मावतील एवढी जागा हातानेच उकरून काढली.

पुण्या-मुंबईच्या लोकांना असा स्टुडिओ स्वप्नात दिसणार नाही.

५ जानेवारी

नथ्थूभाऊंचा फोन. भाविकाने चुगली केली. म्हणाले, "वहिनी, कापूसमा वायरी नका लावा. ठिणगी पडनी तं होळी व्हई जाई." मी सांगितलं, हे बारा व्होल्टचं काम आहे, तुमच्या विहिरीची मोटर नाही. बारा व्होल्ट आहे का ते नंतर बघेन.

अंगाला खाज. कापसातले किडे. कलेसाठी सोसायला हवं.

हेडफोन लावला. डाव्या बाजूला आवाजच नाही. नवा कोरा माल आणि अर्धा मेलेला. परत पाठवते आहे.

आणखी एक दोष. त्या खोलीत बाहेरचं काही म्हणजे काही येत नाही, आणि त्या शांततेत एक बारीक शिट्टी ऐकू येते. सतत. मशीनमधून करंट गळतो आहे.

८ जानेवारी

दुसरा हेडफोन आला. डावी बाजू मेलेली.

कंपनीला फोन. मुलगी म्हणाली, मॅडम, पिन नीट बसली आहे का बघा. मी म्हटलं, बाळ, एकशे अठ्ठ्याण्णववर, तक्रारींच्या नंबरवर बसून मी अकरा वर्षं लोकांना हेच विचारलं आहे. मग म्हणाली, मॅडम, जरा हळू बोलाल का. हळू बोलल्यावर यांना ऐकू जातं का? सिस्टर आम्हाला शिकवायच्या, शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे.

मायक्रोफोनचंही तेच. मी तोंड उघडलं की पडद्यावरची पट्टी लाल. हे मायक्रोफोन पुटपुटणाऱ्या लोकांसाठी बनवलेले दिसतात.

११ जानेवारी, रविवार

भाविका आली, स्वतःचा हेडफोन घेऊन. तिला दोन्हीकडून ऐकू येतं. मी लावला. डावी बाजू बंद.

म्हणाली, काकू, उलटा घालून बघा. एल उजव्या कानावर, आर डाव्या कानावर. घातला. एलमधून खणखणीत आवाज. आर मेलेला.

म्हणजे बिघाड वायरीत आहे आणि तो इकडून तिकडे सरकतो. तिला समजावून सांगितलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. अशी बघू नकोस म्हटलं.

मग तिने विचारलं, "काकू, एकदा कान दाखवून येऊ या का?"

मी म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी कान दाखवावेत. मला तर नको ते आवाजही येतात.

चहा न घेता गेली. की घेऊन गेली? कप दोन होते.

१५ जानेवारी

काल संक्रांत. सगळं गाव गच्चीवर. मी कापसात. एक पतंग कटल्याचा ओरडा आत आला नाही. फक्त शिट्टी.

आज अमृत इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. काम चोख. मग त्याला कापसाच्या खोलीत उभं केलं आणि विचारलं, येते का शिट्टी. त्याने मान तिरकी केली, डोळे मिटले, बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "बाई, माले तं काहीच आयकू येस नही."

तीस-बत्तीसचा असेल. या वयात कान गेले. वाईट वाटलं. त्याला म्हटलं, वेळीच डॉक्टरला दाखव.

१६ जानेवारी, दुपारी ३

शिट्टीचा छडा लावायचं ठरवलं. एकेक वस्तू बंद केली. लाल डबी. लॅपटॉप. फ्रिज. इन्व्हर्टर. पाण्याची मोटर तर बंदच होती. दर वेळी कापसात जाऊन बसायचं आणि ऐकायचं.

आहेच.

शेवटी मेन स्विच पाडला. घरात एक दिवा नाही. आहेच. बाहेर येऊन बघितलं तर गल्लीतलीही लाइट गेलेली. समोरच्यांचा पंखा थांबलेला. सगळ्या नंदुरबारात करंट नसेल कदाचित.

पुन्हा आत जाऊन बसले. आहेच.

३.४०

वस्तूंमध्ये करंट साठून राहतो. कुठेतरी वाचलं आहे.

भ्याले नाही. ओट्यावर येऊन बसले कारण हिवाळ्यात उन्हात बसावं.

१७ जानेवारी

झोप नाही. टीव्ही लावून पडले होते. समोरच्या गुलाबबाई सकाळी येऊन म्हणाल्या, आवाज त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्यांना म्हटलं, ऐका मग, फुकट आहे.

आईची आठवण आली. उगीचच.

आईचे कान शेवटची दहा वर्षं गेले होते. ती समोर बसलेली असायची आणि आम्ही तिच्याचबद्दल बोलायचो. तिला कुठे ठेवायचं, कोणाकडे किती महिने. कपाटासमोर बोलावं तसं. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसायची, कोणी हसलं की जरा उशिरा. लग्नात तिला कोपऱ्यात बसवायचो, फोटोच्या वेळी उठवायचो. शेवटी शेवटी मी तिला एकच गोष्ट विचारायचे, जेवलीस का, तीही हाताने.

घरात सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. तिच्याशी बोलायला मीच वापरला नाही.

हे का लिहिलं? पॉडकास्टशी संबंध नाही.

१९ जानेवारी

भाजी घेऊन येताना मोटरसायकल डाव्या बाजूने अंगावर आली. हॉर्न नाही, काही नाही. मेथी रस्त्यावर, मी गटाराच्या काठावर. पोरगा उतरून म्हणतो, आजी, केव्हाचा वाजवी ऱ्हायनू. जमलेल्या चार माणसांनीही त्याचीच बाजू घेतली. गावात खोटारड्यांची युनियन आहे.

अक्षर बघा. सिस्टरांनी पट्टी मारली असती.

संकल्प: रस्त्याने उजव्या बाजूला भिंत ठेवून... नाही. डाव्या बाजूला भिंत ठेवून चालायचं. वाहतुकीच्या दृष्टीने तेच बरं.

२२ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग झालं!

पाहुणी फुलवंताबाई. एक्सचेंजमध्ये सव्वीस वर्षं माझ्या शेजारच्या बोर्डावर होती. आता बिचारीच्या दोन्ही कानांत यंत्रं. तिला आधीच सांगितलं, नीट ऐकू आलं नाही तर हात वर कर, मी पुन्हा विचारेन. रविवारी भाविका येऊन ऐकेल, हेही सांगितलं. ती हसली. नेहमी हसते.

दुसरा मायक्रोफोन माझ्या डावीकडे ठेवला होता, म्हणून तिला डावीकडे बसवलं. कापसाच्या भिंतींमध्ये आम्ही दोघी, गादीत सापडलेल्या ढेकणांसारख्या. पन्नास मिनिटं. मी अतिशय सुंदर बोलले. जुना ट्रंक बोर्ड, लग्नाचे कॉल, मयताचे कॉल. ती मधेच उठून बाहेर गेली, सांगून जायची रीत नाही. मी बोलत राहिले. दहा मिनिटांनी आली.

जाताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. म्हातारपण.

२३ जानेवारी

ऐकलं. माझा आवाज उजवीकडे, अप्रतिम. डावीकडे फुलवंताबाई असायला हवी. पूर्ण कोरं. पन्नास मिनिटांत तिचं एक अक्षर नाही.

कंपनीला ईमेल, इंग्रजीत, चार परिच्छेद. मायक्रोफोन बदलून द्या आणि माझ्या मैत्रिणीचं आयुष्यभराचं निवेदन पुसल्याबद्दल माफी मागा. असं इंग्रजी त्यांनी बऱ्याच दिवसांत वाचलं नसेल.

२५ जानेवारी, रविवार, रात्री

भाविका आली होती. तिला म्हटलं, बघ त्या कंपनीचा प्रताप. तिने हेडफोनला हात लावला नाही. दोन्ही बाजू एकत्र केल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिचा छोटा स्पीकर ठेवून लावलं. स्पीकर माझ्या उजव्या हाताला होता.

फुलवंताबाई होती. पहिल्या मिनिटापासून.

माझ्या प्रश्नांना ती उत्तरं देते आहे, आणि मी तिची उत्तरं संपायच्या आत दुसरंच विचारते आहे. अकराव्या मिनिटाला ती खोकते. म्हणते, "वत्सला, पानी दे ना वं. घसामा कापूस ग्या." मी बोलते आहे. पुन्हा खोकते, पुन्हा मागते. मी बोलते आहे. तिसऱ्यांदा जवळजवळ रडवेली, पानी दे वं माय. आणि त्याच्यावर माझा आवाज, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा: ऑपरेटरने समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकला पाहिजे.

खुर्ची सरकल्याचा आवाज. दार. मी बोलते आहे. दहा मिनिटं एकटी.

भाविका बंद करायला उठली. तिला हात धरून बसवलं.

पुन्हा दार, पुन्हा खुर्ची. मग फुलवंताबाई मायक्रोफोनच्या अगदी जवळ. हळू नाही, साध्या आवाजात, माझ्यापासून दोन फुटांवर:

"भाविका, हाई तू आयकशी तवय काकूले सांगू नको. डावा कानमा तिले काहीच आयकू येस नही. मन्ही बी सुरुवात अशीच व्हयनी व्हती. तिले भ्याव वाटी. मी सांगसू."

आणि मी? मी त्या वेळी सांगत होते की तेहतीस वर्षांत माझ्या कानांतून एक शब्द निसटला नाही.

माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलून झालं. मला कळलं नाही.

भाविका रात्री राहिली. मी नको म्हटलं होतं.

२६ जानेवारी

पॉडकास्ट प्रसिद्ध झाला नाही. तांत्रिक कारण.

ध्वजवंदनाला गेले नाही. कंपनीला दुसरा ईमेल केला, दोन ओळी. पहिला रद्द समजावा.

२८ जानेवारी

भाव आला. नथ्थूभाऊ टेम्पो घेऊन आले आणि कापूस गेला. जाताना म्हणाले, वहिनी, तुमना स्टुडिओ मोडना, वाईट वाटस. भिंती उघड्या, चुना पडलेला, जमिनीवर सरकी. आता त्या खोलीत सगळं येतं, रिक्षा, कुत्री, गुलाबबाई. शिट्टीही आहे. एवढ्या गोंगाटात लक्षात येऊ नये, पण आता ती कुठे असते ते मला माहीत आहे.

फुलवंताबाईचा फोन आला. तिने सांगायला सुरुवात केली आणि गोलगोल बोलायला लागली. हवामान, गुडघे, तिची सून ममता. मी म्हटलं, रेकॉर्डिंग ऐकलंय मी. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तो अजून ओळखता येतो.

मग म्हणाली, शुक्रवारी जाऊत. मी म्हटलं, घाई काय आहे. ती म्हणाली, शुक्रवारी.

३० जानेवारी, शुक्रवार

कानाचा दवाखाना. बाहेर सतरा माणसं, सगळी म्हातारी, सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघणारी. पळून यावंसं वाटलं. चप्पल घातलीही होती. फुलवंताबाई दाराशी उभी राहिली, भाजी निवडायला बसल्यासारखी निवांत.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. नाव, वय, गाव भरलं. तक्रार या रकान्यात आधी 'हेडफोन' लिहिलं, मग खोडून 'डावा कान'. आयुष्यात पहिल्यांदा फॉर्मवर खाडाखोड केली.

पुढचा रकाना: तक्रार किती दिवसांपासून?

फोन उजव्या कानाला लावायला लागले तो दिवस मला तारखेसकट आठवतो. पेन तसंच धरून बसले. मुलगी म्हणाली, आजी, अंदाजे लिहा, महिना-दोन महिने.

लिहिलं: चार वर्षं.