बसण्याबाबतचा निर्णय

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१०

आजपासून घरून काम. दोन महिन्यांची परवानगी. कारण: वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन, दिवसा घरात दुसरं कोणी नाही. (हिची बँक साडेनऊला.) सही करताना मॅडमनी बजावलं की रोज बारा क्लेम निकाली निघाले पाहिजेत, ३१ मार्चला आढावा, फाइली तुंबल्या तर परत ऑफिस. मी म्हटलं, बारा कसल्या, पंधरा काढतो. बावीस वर्षं लोकांचे अपघात-विम्याचे क्लेम तपासतोय, त्यातली बारा वर्षं तरी शेजारच्या टेबलावरच्या गप्पा ऐकण्यात गेली असतील. घरी कोण बोलणार?

वेळापत्रक भिंतीवर लावलं. ११ वाजता आणि ४ वाजता बाबांना बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवणे. फिजिओताईंनी सांगितलंय, सहा आठवडे वॉकरच्या शेजारी कोणीतरी माणूस हवाच. ५ नंतर वाचन.

दुपारी ३.४०

फाइली: चार. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ही जेवणासाठीच असते. बनवणाऱ्याने वीस मिनिटांचा माणूस गृहीत धरलाय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पाठ धरली. बाबांच्या सात फेऱ्या झाल्या, माझ्या तीन. उरलेल्या चार फेऱ्या मी जिन्याच्या कठड्याला टेकून मोजल्या. बाबांनी विचारलं, ऑपरेशन नक्की कोणाचं झालंय. या वयात त्यांना विनोद सुचतो ही चांगली खूण आहे.

फाइली: पाच. दोष खुर्चीचा. माणूस तोच, फाइली त्याच, बदललंय काय? खुर्ची. तपासणीचा साधा नियम आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सोफ्याची उशी ठेवून पाहिली: घसरते. बिछान्यावर बसून पाहिलं: पाठ उत्तम. एकदम दीडला जाग आली. फाइली: दोन.

सोमवार, १० फेब्रुवारी

निर्णय. आधी योग्य खुर्ची, मग काम. यात चालढकल नाही, उलट हा पायाच आहे. एकदा नीट बसलो की रोज वीस फाइली निघतील, सगळी तूट दहा दिवसांत भरून येईल. खुर्ची या विषयावर रीतसर फाइल उघडली. रकाने: बैठक, पाठ, हात, चाकं, डोकं टेकण्याची सोय, शेरा.

बाबा चाळीस वर्षं शिंपी. मशीनसमोर, पाठच नसलेल्या स्टुलावर बसून त्यांनी दोन मुलांची शिक्षणं केली. ते म्हणाले, मी तुझं माप घेतो, गुडघ्यापासून खाली, मग त्याप्रमाणे शोध. टेप काढूनच बसले होते. मी म्हटलं, बाबा, ही पँट नव्हे. त्यांनी टेप गुंडाळून ठेवली.

माप मी स्वतःच घेतलं. दुकानात जायचं म्हणून बूट घालून तयार होतोच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहिलं दुकान. अकरा खुर्च्या. एकीत बसल्यावर मणका स्वतःहून सरळ झाला, पण हात आखूड. दुसरीचे हात बरोबर, पण पाठ जाळीची, शर्टावर चौकोन उमटतात. विक्रेता मन लावून दाखवत होता. मी त्याला प्रत्येक खुर्चीबद्दल लेखी माहिती मागितली. त्याच्याकडे नव्हती.

अकराची फेरी चुकली. बाबांना सांगितलं, संध्याकाळी दुप्पट चालू. संध्याकाळी दमलो होतो. दिवसभर बसून बसून अंग आंबलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चौथं दुकान. आतापर्यंत तेवीस खुर्च्या. फक्त टेकून बघण्यात अर्थ नाही, खुर्चीला कामातच पारखलं पाहिजे, म्हणून तीन फाइली बरोबर नेल्या. तिन्ही तिथेच निकाली निघाल्या. एका गृहस्थाला शिडीवरून पडल्यापासून बसवत नाही म्हणे. 'शक्यता नाकारता येत नाही, परंतु सिद्ध होत नाही' असा माझा नेहमीचा शेरा मारला. पावणेदोन तास. विक्रेत्याने दोनदा पाणी आणून दिलं, तिसऱ्यांदा आला तो हात चोळत. दुकान बंद व्हायला अजून बराच वेळ होता, तरी म्हणाला बंद करतोय.

हिला सांगितलं की आज कामाचा वेग कमालीचा होता. हिने विचारलं, बाबा चालले का. चालले असतील.

शनिवार, २२ फेब्रुवारी

फिजिओताई आल्या होत्या. बाबांच्या पायात चांगलीच ताकद आलीय म्हणाल्या, रोजचा सराव दिसतोय. माझ्याकडे बघून म्हणाल्या, मुलगा घरी असल्याचा फरक पडतो. मी नाही म्हटलं नाही. बाबा नखं बघत बसले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. एकशे तीसच्या वर फाइली तुंबल्यात. मी त्यांना शांतपणे मणक्याची रचना समजावून सांगितली. त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत. छान, म्हटलं, आणि बाबांना बोलायला द्यावं म्हणून खोलीत गेलो. खोली रिकामी.

चपला न घालता बाहेर धावलो. पॅसेजच्या टोकाला बाबा वॉकर घेऊन चालताहेत, शेजारी समोरच्या दारातले भूगोलाचे निवृत्त सर. सरांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तीन आठवडे रोज दोन्ही वेळा चाललंय हे. प्रत्येक फेरीला सर एक देश सांगतात आणि बाबांनी राजधानी सांगायची. त्या वेळी बाबा दक्षिण अमेरिकेत होते.

मला कोणी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं. बाबा म्हणाले, तू कामात होतास. मी तेव्हा हातात खुर्च्यांचा कॅटलॉग धरून उभा होतो.

उद्यापासून मीच नेणार.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अकराला तयार होतो. सर आणि बाबा पावणेअकरालाच निघून गेले होते.

बुधवार, ५ मार्च

निवड झाली. एकतीस खुर्च्यांच्या तपासणीनंतर. बैठकीची उंची तयार मिळत नव्हती, म्हणून माझ्या मापाप्रमाणे लांब दांडा बसवून खास बनवून घेतोय. परत घेणार नाहीत, अशी अट आहे. परत कोण करतंय? तीन आठवडे लागतील. किंमत इथे लिहीत नाही. ही कधी माझी वही वाचत नाही, पण वही टेबलावर उघडी राहू शकते.

तोपर्यंत जेवणाच्या खुर्चीवर जास्त वेळ बसणं म्हणजे पाठीला वाईट सवय लावणं. फाइली: तीन.

शुक्रवार, १४ मार्च

पाठदुखीमुळे कंपनीने खुर्चीला मदत करावी असा अर्ज केला होता. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, मणक्याचं चित्र, चार पानी टिपण. आज परत आला. शेरा: 'शक्यता नाकारता येत नाही, परंतु सिद्ध होत नाही.' सही कोणा नवख्याची. आमच्या विभागात नव्या लोकांना शिकवताना नमुना म्हणून माझ्याच फाइली देतात.

दिवसभर पाठ फार दुखली. खरंच दुखली. कोणाला सांगणार?

सोमवार, १७ मार्च

सहा आठवडे पूर्ण. फिजिओताईंनी वॉकर काढून काठी दिली. घरात मी सोडून सगळे खूश. मीही खूश आहे, पण दोन महिन्यांच्या परवानगीचं कारण काठी टेकत टेकत माझ्यासमोरून स्वयंपाकघरात गेलं आणि स्वतःचा चहा करून घेतला. मलाही दिला.

मुदतवाढीचा अर्ज करायचाय. खुर्ची आल्यावर दोन महिने तरी नीट काम करून दाखवायला नकोत का? कारण तेच लिहिलं: वडिलांची देखभाल. मॅडमनी फिजिओचा अहवाल मागवलाय. हरकत नाही. ताई माझ्या बाजूच्या आहेत.

सोमवार, २४ मार्च. सकाळी १०.२०

आली! दोन माणसांनी उचलून आणली. दार काढावं लागेल असं वाटलं होतं, पण तिरकी करून आत गेली. प्लास्टिक फाडलं. नव्या चामड्याचा वास. बसलो.

१०.३५

पाय जमिनीला लागत नाहीत.

११.१५

पूर्ण खाली केली. खाली म्हणजे जितकी जाते तितकी. टाचा दोन बोटं वर. पुढे सरकून बसलं की पाय टेकतात पण मग पाठ टेकत नाही, आणि पाठीसाठीच तर सगळं केलं.

१२.००

बूट घालून बसून पाहिलं. अगदी तंतोतंत. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात बूट घालून बसण्यात तसं चूक काही नाही.

दुपारी १.१०

बाबा दारात उभे राहून बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. मग एवढंच विचारलं, माप कोणी घेतलं होतं. मी म्हटलं, कामात आहे.

बुधवार, २६ मार्च

बूट घालून बसतोय. ही म्हणाली, फरशी दिवसातून दोनदा कोण पुसणार. पायांखाली जाडजूड शब्दकोश ठेवून पाहिले, चाकामुळे खुर्ची सरकते आणि मी शब्दकोशांपासून लांब जातो. फाइली: चार.

दुपारी हात धुवून आलो तर बाबा खुर्चीत. बाबांचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत. तळवे सपाट जमिनीवर, पाठ टेकलेली, हात खुर्चीच्या हातांवर. इतकी बरोबर बसलेली खुर्ची एकतीस खुर्च्यांत मी पाहिली नव्हती. बाबा म्हणाले, खुब्याला अगदी आराम वाटतो, उंचावरून उठायला सोपं जातं. मग माझ्याकडे बघून उठायला लागले. मी म्हटलं, बसा. दुसरं काय म्हणणार?

फाइली जेवणाच्या टेबलावर आणल्या.

शुक्रवार, २८ मार्च

फिजिओताईंचा अहवाल मॅडमकडे गेला. त्याची एक प्रत मलाही आली. 'रुग्ण काठी घेऊन स्वतंत्रपणे हिंडतो फिरतो. जिना चढतो. दिवसा सोबतीची आवश्यकता उरलेली नाही. नियमित व्यायामाचे श्रेय कुटुंबाला.' ताईंनी मनापासून कौतुक केलंय. त्यांच्याशी भांडूही शकत नाही.

सोमवार, ३१ मार्च

आढावा. शिल्लक फाइली दोनशे सदुसष्ट. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की दोन महिने मी करत काय होतो. मी वही उघडून बघितली. सांगण्यासारखं काही सापडेना. वडिलांजवळ होतो, असं म्हणालो. उद्यापासून ऑफिस.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. खुर्चीत बसून ते शर्टाचं बटण लावत होते. दोरा तोडला आणि म्हणाले:

"तू घरात होतास तेव्हा बरं वाटायचं. खुर्च्यांशीच भांडायचास, पण घरात आवाज होता."

दोन महिने हा माणूस पलीकडच्या खोलीत होता. मी रोज सकाळी दारातून 'बाबा, येतो' म्हणून निघायचो आणि अहवालातलं 'कुटुंब' म्हणजे मी ठरलो. फार लाज वाटली. मी म्हटलं, रविवारी आपण दोघं चालायला जाऊ. ते म्हणाले, रविवारी सर आफ्रिका घेणार आहेत, पण तू ये.

मंगळवार, १ एप्रिल. ऑफिस, दुपारी ४.०५

जुनी खुर्ची. एक चाक नाही, पाठीचा स्क्रू ढिला, बैठकीचा स्पंज कधीच गेलेला. शेजारच्या टेबलावर सकाळपासून कोणाच्या तरी लग्नाची भांडणं चालू आहेत. फाइली: बारा. पाठ: अजिबात दुखली नाही. हे घरी सांगायचं नाही.

चार वाजले म्हणून बाबांना फोन केला. दोन महिन्यांत चारच्या ठोक्याला मला त्यांची आठवण झाली ती आज पहिल्यांदा. फोन सरांनी उचलला, बाबांच्या हातात काठी होती म्हणे. मागून बाबांनी विचारलेलं ऐकू आलं, कोण आहे. सर म्हणाले, मुलगा. बाबा म्हणाले, काही काम आहे का विचारा.

मी म्हटलं, काम नाही, सहज केला.

सर म्हणाले, मग नंतर करता का, त्यांच्या अजून चार फेऱ्या राहिल्यात.

मी म्हटलं, होऊ देत. तेरावी फाइल उघडली.