आईच्या माहेरचा माणूस

मंगळवार, संध्याकाळ, अमळनेर

डोकं अजून तापलेलंच आहे. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला आई ओटीपी सांगणारच होती, मी फोन ओढून घेतला. तर माझ्यावरच रागावली, "मना माहेरना शे तो, दोंडाईचाना."

त्याला दोंडाईचा कळलं कसं? हिनंच विचारलेलं, "दोंडाईचाना शे का भाऊ?" तो कशाला नाही म्हणेल?

गाव विचारायची सवय काही सुटायची नाही. म्हटलं, खुशाल विचार, पण यापुढे गाव त्याला सांगू दे.

तासाभरात पुन्हा तोच. मी स्पीकर लावला. आईनं विचारलं, "दोंडाईचामा कोना घरना तू?"

"मॅडम, वेळ कमी आहे..."

आईनंच फोन कट केला. "माहेरना पोऱ्या आत्याले मॅडम म्हनी का?"