कल्ले उघडून बघणाऱ्या पेशी

माघ वद्य पंचमी, श्रीवर्धन

सुमनची गाठ निम्म्याहून लहान झाली! सकाळी स्कॅन पाहिल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रत्येक पेशी आत जे बनवते त्याचे तुकडे अंगावर मांडते. शरीराच्या पहाऱ्यावरच्या मारेकरी पेशी ते चाचपतात. काही विपरीत दिसलं की भोक पाडून आत विष सोडतात. गाठ त्यांना ‘थांबा’ म्हणत होती. औषधानं फक्त तिचं तोंड बंद केलं. मारलं कुणी? सुमनच्याच पेशींनी!

मी हात जोडून काहीतरी संस्कृत पुटपुटलो.

“अहो, मंत्र कसले म्हणताय?” सुमन म्हणाली. “कोळीण मासळीचे कल्ले उघडून दाखवते ना, तसंच हे.”

“आणि कल्ले दाखवलेच नाहीत तर?” मी विचारलं.

“मग तर ती सडकीच समजायची!”

डॉक्टरीणबाई हसल्या. न दाखवणाऱ्या पेशींनाही मारणाऱ्या वेगळ्या पेशी असतात म्हणे. सुमनला हे ठाऊक कसं? ठाऊक कुठलं, ती आपली बाजाराबद्दल बोलत होती.

आगरदांड्याहून परतताना फेरीबोटीत ती माझ्या खांद्यावर झोपली. बाहेरून अगदी शांत. आणि आत, कुणी हुकूम न देता, कोट्यवधी पेशी दारोदार चाचपत फिरत होत्या. पलीकडचा दिघीचा धक्का येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. त्यांच्या कामात व्यत्यय नको.