नऊ व्होल्टचा नवरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा मधेच आवाज गेला. दुसरं गाणं रंगात आलेलं आणि हिची गिटार गप्प. वाचनालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं, आणि ही पडद्याकडे बघतेय. म्हणजे माझ्याकडे. मी वाकून धावलो — एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्यात नवी बॅटरी. चार स्क्रू काढा, जुनी उपसा, नवी बसवा, चार स्क्रू लावा. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढा वेळ हिच्या ग्रुपमधला दाताचा डॉक्टर ड्रम बडवत राहिला. नंतर सगळ्यांसमोर म्हणतो कसा — "आमच्या ग्रुपमध्ये पाच जण. चार वाजवतात, एक बदलतो."

सगळे हसले. मीही हसलो. घरी पोचेपर्यंत ते लागलं.

दोष त्या डबीचा. पायाने दाबायची लोखंडी डबी. दाबली की गिटारचा चांगला गोड आवाज घशात माती गेल्यासारखा होतो. हिला तोच हवा असतो. डबी जुनी, फक्त बॅटरीवर चालणारी. बाहेरून वीज द्यायला भोकच ठेवलेलं नाही. त्यात गिटारची वायर तशीच खुपसून ठेवली की आतल्या आत बॅटरी संपते, आणि ही वायर काढायची हमखास विसरते. म्हणून गेली दोन वर्षं मी प्रत्येक कार्यक्रमाला पडद्यामागे तैनात.

सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. बारा मजली इमारतीतली माणसं अडकली की मला फोन येतो. आणि मला पळवते कोण? नऊ व्होल्ट. बघतोच.

४ फेब्रुवारी, बुधवार

डोकं चाललं. डबीला भोक पाडायचंच नाही. एका मेलेल्या बॅटरीचं वरचं टोपण काढायचं — ती दोन बटणं असतात ते. त्याला अडॅप्टरच्या दोन वायरी जोडायच्या आणि ते टोपण डबीतल्या क्लिपला लावायचं. डबीला वाटणार बॅटरीच आहे. वायर झाकणाच्या फटीतून बाहेर, प्लग भिंतीत. बॅटरीचा विषय कायमचा बंद!

हिला सांगितलेलं नाही. एकवीस तारखेला पुढचा कार्यक्रम. त्या दिवशी कळेल तिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जळली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काय झालं ते लिहून काढतो, म्हणजे पुन्हा कधी स्वतःला हुशार समजायला लागलो तर हे पान उघडता येईल.

डबीतल्या क्लिपवर लाल वायर मोठ्या बटणाला होती. लाल म्हणजे अधिक, हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून मीही टोपणाच्या मोठ्या बटणाला लाल लावली. पण मी क्लिप बनवत नव्हतो, बॅटरी बनवत होतो. दोघं समोरासमोर येतात — क्लिपचं मोठं बटण बॅटरीच्या लहान बटणावर बसतं. समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो, तसं. अधिकच्या जागी उणे गेलं. आधी काहीच झालं नाही. मग करपल्याचा वास. मग पुन्हा काहीच नाही, आणि हे दुसरं काहीच नाही कायमचं होतं.

ही कामावरून आली. दारातच थांबून म्हणाली, "कसला वास येतोय?"

"इस्त्री," मी म्हटलं.

मी आयुष्यात इस्त्री केलेली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकी उघडून आत गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

सरावाला डबी लागणार होती. "आतून साफ करतोय, उघडून ठेवलीय," असं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि डबीशिवाय वाजवत बसली. शेजारच्या खोलीतून ऐकू येत होतं — एकच ओळ, पुन्हा पुन्हा, मधेच थांबून काहीतरी लिहिताना दारातून दिसली. मी आत गेलो नाही. तोंड कुठे होतं?

९ फेब्रुवारी, सोमवार

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी डबी उघडली, डोळ्याला भिंग लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही काय काम करता?"

"लिफ्ट."

"वरचं बटण दाबल्यावर खाली जाते का?"

आतले दोन ट्रान्झिस्टर गेलेत म्हणाल्या. मिळतील, तीन दिवस लागतील. शिवाय एक डायोड टाकतील, म्हणजे पुन्हा कुणी उलटं जोडलं तरी डबी मरणार नाही.

"पुन्हा नाही जोडणार," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात. ज्यांची आहे त्यांना माहीत आहे ना?"

"हो तर."

बाईंनी भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं. त्यात माझा चेहरा केवढा दिसला असेल!

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं. ही गिटारच्या तारा बदलत होती. मी उभ्यानेच सगळं बोललो — टोपण, लाल वायर, इस्त्री, बाई. ऐकून घेतलं तिने. रागावली नाही. फक्त म्हणाली, "मला विचारलं असतंस आधी."

"विचारलं असतं तर सरप्राईज कसलं?"

"मला बॅटरी चालत होती."

"अगं, पण मधेच बंद पडते ना."

"हो. पडते." आणि पुन्हा तार पिळायला लागली.

किती समजूतदार बायको आहे. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. हलका झालो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डबी जिवंत होऊन आली. टोपणाच्या वायरी बरोबर लावल्या, तीनदा तपासल्या, मग चौथ्यांदा. प्लग लावला. चालू झाली! पण सोबत घुंईंई असा आवाज. फ्रिज गातोय असं वाटावं. हिने दारातून विचारलं, "आत भुंगा गेलाय का?"

जुन्या कॉर्डलेस फोनचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर वापरला होता. बाईंना फोन केला. "त्याची वीज गाळलेली नसते," म्हणाल्या. "चांगला घ्या. कंजूषपणा ऐकू येतो."

१४ फेब्रुवारी, शनिवार

नवा अडॅप्टर. भुंगा गेला. अर्धा तास सलग वाजवून घेतलं हिच्याकडून, मी घड्याळ लावून बसलो होतो. हिने काय वाजवलं कोण जाणे, मी डबीवर कान ठेवून होतो. एकदाही दगा दिला नाही. दाताच्या डॉक्टरला आपणहून फोन करून कळवलं. "मग आता तुझं काय काम?" म्हणाला. या माणसाकडे लोक तोंड उघडून बसतात तरी कसे?

२१ फेब्रुवारी, शनिवार

पाच वाजता कार्यक्रम. पडद्यामागे मला काम नव्हतं. तिथे नुसतंच कसं उभं राहायचं, म्हणून समोर जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. पडद्यामागे ड्रमच जास्त ऐकू येतो, गाण्याचे शब्द तिथवर पोचतच नाहीत, हे आज कळलं.

डबी अजिबात अडली नाही. मी शेजारच्या गृहस्थांना सांगणारच होतो की ही करामत कुणाची. तेवढ्यात शेवटचं गाणं ही स्वतः गाणार असं जाहीर झालं. ही गाते? शब्दही तिचेच, म्हणे.

घरात काही बिघडलं
की तो धावत येतो.
मी बिघडत नाही,
एवढीच माझी चूक.

आणखी तीन कडवी होती. ती मला आठवत नाहीत. माणसं हसली, मग हसायची थांबली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय लिहिलंय हो!" मी मान हलवली. टाळ्या वाजल्या तेव्हा डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

घरी येताना गिटार मी उचलली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ही सरावाला बसली तेव्हा आत गेलो आणि समोर खुर्ची ओढून बसलो. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामे होते.

"काय बिघडलं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "राहिलेली तीन कडवी ऐकायचीत."