दोन हाकांचा नियम

११ ऑगस्ट, पाली
पोचले एकदाची! साळूबाईंच्या पडवीलगतची खोली मिळाली. समोर ढगात बुडालेला राजगड, ताटात तांदळाची भाकरी. आणखी काय हवं? कामही सोपं. डोंगरउतारावर नऊ यंत्रं पुरलीत, माती सरकली की कळवणारी. माझा संगणक दर दहा मिनिटांनी एकेकाला बिनतारी हाक मारतो, यंत्र ओ देतं. खाली वस्ती आहे, बारा घरं, चाळीस माणसं.

१३ ऑगस्ट
सात नंबरची बॅटरी मेलीय आणि पडद्यावर मात्र हिरवा दिवा! ड्रायव्हर, म्हणजे हाका मारणारा प्रोग्रॅम, उघडून पाहिला. हाक फुकट गेली तरी पठ्ठ्या जुनाच आकडा दाखवतोय. कुठल्या शहाण्यानं लिहिला हा? डोकंच फिरलं माझं. नवा नियम घातला: दोन हाकांना ओ नाही, तर नाव यादीतून बाद. उताराचे राखणदार रखमाजी हसले. म्हणाले, हितं माणसंबी तिसऱ्या हाकेलाच ओ देत्यात, पहिल्या दोन कुणाच्या असत्याल काय सांगावं. मीही हसले.

१४ ऑगस्ट
यादीत दहावं नाव: रखमाजी. मी टाकलेलं नाही. भर दुपारी उतारावरून त्यांना हाक आली, माझ्या आवाजात. मी तर खोलीत! परत आली. ते पडवीत गप्प, तिसरीची वाट बघत. नाव बाद झालं. बाहेर धावले तर पडवी रिकामी. साळूबाई म्हणाल्या, कोण रखमाजी? असा कुणी न्हाई हितं.

१५ ऑगस्ट
नियम खोडला, परत उमटला. वायर उपटली तरी हाका चालूच. यादीत आता साळूबाई. हात जोडले, पहिल्याच हाकेला ओ द्या. ऐकेनात, आईनं शिकवलंय म्हणे. पहिली आली. दुसरी— मीच ओरडले, ओ! नाव राहिलं. अस्सं! समजतो काय स्वतःला? वस्तीतल्या एकूण एक नावाला ओ मी देईन.

१६ ऑगस्ट
सकाळपासून एकतीस नावं. एकही जाऊ दिलं नाही. ये की अजून—

सदतीस. घसा फाटलाय. थुंकीत रक्त. देणारच—

एकोणचाळीस! रखमाजी सोडून सगळे आहेत! हरलास, मेल्या—

माझं नाव. तोंड उघडते, आवाजच फुटत नाही. साळूबाईंना खुणावते, माझ्यासाठी ओ द्या. त्या मान हलवतात. तीन बोटं दाखवतात—

दुसरी आली. मग लिहून देते. ओ! ओ! ही घे ओ, मी इथंच आ