तिसरी खाट

१२ फेब्रुवारी

चि. टिपण्यास,
अ. उ. आ.

मावशी आणि मी बऱ्या आहोत. एवढं लिहून खुशालीचा विषय संपवते, कारण पुढे खुशाली औषधालाही सापडणार नाही.

परदेशी मदतीच्या योजनेवरचा तुझा अहवाल काल आमच्या दवाखान्यात पोचला. मोठ्या इस्पितळाच्या आवारात बांधलेलं ते गरोदर बायकांचं निवास, बारापैकी बारा खाटा भरलेल्या, शेरा 'अत्यंत यशस्वी', खाली तुझी सही. म्हणून आता तसली आणखी अकरा निवासं बांधणार. आणि गावातल्या बाळंतपणाच्या खोल्यांची गरज उरली नाही, म्हणून माझी खोली एक एप्रिलपासून बंद! वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

अरे शहाण्या, त्या निवासात चूल नाही! परदेशात बसून ज्यांनी नकाशा काढला त्यांनी ठरवलं की जेवण घरचे आणून देतील. घर बसने दोन तासांवर. कोण देणार दोन वेळा डबा, पंधरा दिवस? कोणी बाई तिथे राहत नाही. शेजारच्या शिंप्याच्या सुनेला आठवा लागलाय. पहिल्या खेपेला तिचं मूल वाटेत बसमध्येच गेलं, म्हणून यंदा ती माझ्या खोलीच्या भरवशावर आहे. तिला मी काय सांगू? माझ्या भावाने सही केलीय म्हणून?

लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या खाली दबलाय. उत्तर धाड, म्हणजे वर काढता येईल.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर फोडलं, ही माझी चूक. कान अजून गरम आहेत.

आता माझंही ऐक. तक्ता मी बनवलेला नाही. त्यात विचारलंय की भेटीच्या दिवशी किती खाटा भरल्या होत्या. चुलीचा रकानाच नाही. तीन दिवसांत नऊ योजना बघायच्या होत्या आणि सोबत मदत देणाऱ्यांचे दोन पाहुणे, घड्याळाकडे बघणारे. तरी मी स्वतः दारात उभं राहून एकेक खाट मोजली. निवास रिकामं असतं म्हणतेस, मग त्या बारा जणी काय मी स्वप्नात पाहिल्या? सगळ्या नर्सबाईंच्या रांगेत तूही उभी होतीस की! तेव्हा तोंडाला कुलूप आणि आता पत्रातून तोफा?

रागावू नकोस, पण सोळा वर्षं सांभाळलेली खोली जाणार म्हणून तुला वाईट वाटतंय, हे मला कळतं. त्यासाठी माझ्या कामाला खोटं ठरवू नकोस.

मावशीला भेटायचं राहिलं याची मात्र रुखरुख आहे. तू म्हणालीस ती जवळच आहे, पण माझ्याकडे पाच मिनिटंही नव्हती. तिला माझा नमस्कार सांग. दोघींचा जो काही लोभ शिल्लक असेल तो राखून ठेवा.

तुझा,
टिपण्या

२५ फेब्रुवारी

चि. टिपण्यास,
अ. आ. (उत्तम आज लिहीत नाही.)

तोंडाला कुलूप होतं, खरंय. तू येणार असल्याचं पत्र दहा दिवस आधी आलं आणि मोठ्या डॉक्टरांनी प्रत्येक नर्सला फर्मान सोडलं की एकेक दोनदोन बायका घेऊन या, खाट रिकामी दिसता कामा नये. इस्पितळाची गाडी पाठवली, जेवणही दिलं, त्या एकाच दिवशी. नऊजणी शिवणवर्गातल्या होत्या, त्यातल्या तिघींची तर लग्नंही झालेली नाहीत. दोघी खरोखरच्या गरोदर, त्यांना संध्याकाळी परत पाठवलं. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून चादर ओढून निजायला सांगितलं होतं.

बारावी कमी पडत होती. ती मी आणली. तिसऱ्या खाटेवर आपली मावशी होती रे. पोटावर उशी बांधून.

मुद्दाम आणली. माझ्या हट्टाला ती हसत हसत तयार झाली. मला वाटलं, तू आत येशील, एखादीला तरी विचारशील की बाई, जेवलीस का. तिला बघशील आणि सगळं सोंग जागच्या जागी उघडं पडेल, मला कोणाविरुद्ध बोलावंही लागणार नाही. भित्रेपणाच तो माझा, कबूल. पण मी तुला दोनदा म्हटलं की आत या साहेब, तिसऱ्या खाटेवरच्या बाईशी दोन शब्द बोला. हो, साहेब म्हटलं. तू हसलास, बोट रोखून बारापर्यंत मोजलंस आणि गेलास. तिने वाढवलंय आपल्याला, टिपण्या! मला तुझी इतकी चीड आलीय की पेन कागदातून आरपार जातंय.

तुझा नमस्कार तिला सांगितला.

लोभाचं तू बघ.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. तिसऱ्या दिवशी कोणालाही न कळवता बस पकडून निवासात गेलो. आतमध्ये गेलो, हे मुद्दाम लिहितो. बाराही गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच आहे. तिसऱ्या खाटेवर रखवालदाराचे कपडे वाळत होते. इस्पितळाच्या नळावर एक पोटुशी बाई भेटली. तिला विचारलं की इथे का राहत नाही. ती म्हणाली, खायचं काय, भिंती?

दुरुस्ती लिहून दिली. वरिष्ठ म्हणाले की किरकोळ चूक म्हणून गुपचूप भागवू. मी ऐकलं नाही. अहवालात आता शब्दशः असं आहे: 'तिसऱ्या खाटेवरची लाभार्थी, वय अडुसष्ट, परीक्षकाची मावशी. परीक्षक दारातून परतला.' पाहुण्यांपर्यंत ते गेलं आणि ऑफिसात नुसता वणवा पेटला. पाहणीच्या कामावरून मला काढलंय. आता जुन्या फायलींच्या खोलीत बसतो. पण अकरा निवासं थांबली आहेत आणि फेरपाहणी होईपर्यंत तुझी खोली चालू राहील.

तुझं नावही लिहिलंय मी, मावशीला आणलं म्हणून. राग तर मलाही आहे तुझा. एका शब्दाने काम झालं असतं, तू उशी बांधत बसलीस! डॉक्टर तुला सोडणार नाहीत, तयार राहा.

मावशीला काय लिहू ते सुचत नाही. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

टिपण्या

२ एप्रिल

चि. टिपण्यास,
अ. आ.

ताईच्या हातात आज पेन नाही, ती झोपलीय, म्हणून मीच लिहिते. शिंप्याच्या सुनेला काल मुलगी झाली, ताईच्या खोलीत, एक तारखेलाच. बाई आणि पोर दोघी धडधाकट आहेत. पोरीचा आवाज तर असा की रस्त्यापर्यंत ऐकू यावा. डॉक्टरांनी ताईला लेखी जाब विचारलाय. तिने उत्तरात लिहिलं की होय, आणलं, तुम्ही सांगितलंत म्हणून आणलं. आता काय होईल ते होवो.

तू आपली चूक कागदावर लिहिलीस, बरं केलंस. म्हणून माझा राग गेला असं मात्र समजू नकोस. उशीचं मला काही वाटलं नाही, म्हातारपणी तेवढीच गंमत. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू दारात आलास तेव्हा मी वळूनही बघितलं नाही, तरी ओळखलं. लहानपणापासून तू उजवी टाच घासत चालतोस, अजून तसाच चालतोस मेल्या. तुझी मोजणी सुरू झाली. तू तीन म्हणालास आणि मला वाटलं, आता थांबेल.

तू चार म्हणालास.

सुट्टी काढून ये. लोभ होता तेवढाच आहे, राग त्याच्या शेजारी बसलाय. दोघांना भेटून जा.

तुझी मावशी
(खाट क्रमांक तीन)