सत्तावन्न नंबरचा शेजारी

२ मार्च १९९८
लागलो एकदाचा कामाला! तीन महिने ट्रायल, पण शनिवारपर्यंत महू आणि देवासच्या ब्रांच कॉम्प्युटरच्या लाइनने जोडल्या तर लगेच पक्का. ऑफिस म्हणजे बंद मिलचं जुनं टाइम ऑफिस. इथेच आमचे बाबा, तात्याराव, बदली कामगार म्हणून, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, रोज गेटवर उभे राहायचे. त्यांचा पितळी बिल्ला, नंबर सत्तावन्न, माझ्या खिशात आहे. पलासियाच्या हेड ऑफिसमधून शालिनी मॅडमनी फोनवर समजावलं, की या लाइनवर सगळ्यांना एकदम हाक मारता येत नाही. प्रत्येक शेजारी, म्हणजे पलीकडच्या ब्रांचच्या, राउटरचा नंबर हाताने टाकायचा, तेव्हाच तो बोलतो. घरी सांगितलं तर बाबा हसले. म्हणाले, गेटवरही तेच होतं, नंबर पुकारला तरच आत.

४ मार्च
दिमाग खराब! महू लागलं, देवास लागत नाही. माझा राउटर दर तीस सेकंदांनी हॅलो पाठवतो, तिकडून देवास ढिम्म. दोन मिनिटं उत्तर नाही आलं की शेजारी 'डेड'. चारदा केबल बदलली. देवासच्या मुकुल भियाशी खामखा भांडलो. तो म्हणतो, त्याच्याकडे सगळं ठीक आहे.

५ मार्च
गाढव मीच! देवासचा नंबर पाच. मी लहानपणापासूनच्या सवयीने सत्तावन्न ठोकला होता. पाच टाकला, देवास लागलं. पण यार, सत्तावन्नही लागलेला दिसतोय. मॅडम म्हणतात, असा राउटर कंपनीकडे नाहीच, काढून टाक. उद्या काढतो. आज कुठे सगळं जुळलंय, हात लावायची हिंमत नाही.

६ मार्च
सकाळी बाबांनी खाकी शर्टाला इस्त्री केली. म्हणे, पुकारा झालाय. मिल बंद होऊन सहा वर्षं झाली म्हणून मी ओरडलो. ऐकलं नाही, निघालेच. संध्याकाळ झाली, घरी नाहीत. सायकल इथे गेटपाशी उभी आहे, आणि गेटला बाहेरून कुलूप. टेबलावरचा चहा हलतोय. आत माग चालू असावेत तसा.

७ मार्च, दुपारी बारा
वॉचमनकडून शेड उघडवली. मशीनं केव्हाच भंगारात गेलीत, आत कुणी नाही. पण बाबांचा खोकला — माझ्या कानांनी ऐकला. हाका मारून घसा बसला. हाक इथे चालतच नाही.
सत्तावन्न काढून टाकतो. मग तरी बाबांना सोडतील.

१२.१०
चुकलो. काढल्याबरोबर पडद्यावर सेकंदांचा आकडा उतरायला लागला. एकशेवीसपासून. शून्यावर डेड. खोकला बारीक होतोय — परत टाकतोय तर घेत नाही — घे ना रे! नव्वद. बाबा, माझ्यामुळे —

पडद्यावर दोनच शब्द. बदली कोण?

पन्नास. जन्मभर दुसऱ्यांच्या जागी उभे राहिले बाबा.
माझ्या राउटरचा नंबर एक. टाकला.

खिडकीतून दिसताहेत! गेटाबाहेर आलेत, सायकल काढताहेत. वर बघत नाहीयेत — ओरडतोय मी, ऐकूच जात नाही —
दाराला बाहेरून कडी —
पुकारा चाललाय. नंबर ए